जिंकूनही बाहेर, हरूनही आत

अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसमध्ये नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात 'एम' हे अक्षर चालत नाही. खरंच चालत नाही. ओहायो स्टेट या इथल्या युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर पाट्यांवर जिथे एम दिसेल तिथे लाल टेपची फुली मारलेली असते, कारण त्या शनिवारी मिशिगन युनिव्हर्सिटीबरोबर अमेरिकन फुटबॉलची मॅच. मी इथे एमएसला आलो तेव्हा पहिल्या वर्षी मला वाटलं पोरांनी दंगा केलाय, मग लॅबमधल्या एकाने समजावलं की ही इथली परंपरा आहे, आणि मिशिगनला हरवलं की खेळाडूंना सोनेरी छोटीशी पँट मिळते, लॉकेटसारखी, 1934 पासून चालू आहे म्हणे. आपल्याकडे गदा देतात, इथे पँट. चालायचंच.

तर 30 नोव्हेंबर 2024. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या नंबरवर, मिशिगन त्या सीझनमध्ये आधीच 5 मॅच हरलेलं, मॅच घरच्या ग्राउंडवर, लोक जिंकणार का हे विचारतच नव्हते, किती पॉइंटनी एवढंच बोलत होते, आणि हरले. 13-10. वर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला घेतला, मारामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. त्या रात्री गावात सुतक होतं. कोच रायन डेला हाकला म्हणून लोक हात धुवून मागे लागले. आणि त्यानंतर 51 दिवसांनी, 20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोटर डेमला 34-23 हरवून हीच टीम नॅशनल चॅम्पियन!

मी नाचलो, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी डोक्यात किडा वळवळायला लागला की हे बरोबर झालं का? कारण जुन्या पद्धतीत त्या एका पराभवानंतर खेळ खल्लास होता. इथे जुने लोक अजून तेच म्हणतात, कॉलेज फुटबॉलची मजाच ही होती की सप्टेंबरपासून प्रत्येक शनिवार म्हणजे नॉकआउट, एक हरलात की गेलात, प्लेऑफने, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीने, त्याची वाट लावली. या म्हणण्यात दम आहे. तरीही मी प्लेऑफच्या बाजूचा आहे, आणि का ते सांगायचा हा प्रयत्न, जरा लांबेल.

आधी एक सांगून टाकतो, हे फुटबॉल म्हणजे मेस्सीचं नाही, हेल्मेट घालून लांबुळका बॉल घेऊन धडका मारायचं. वरच्या डिव्हिजनमध्ये 130 च्या वर कॉलेजं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला सीझनमध्ये 12 मॅचेस. आता बघा, 130 टीम्स आणि 12 मॅचेस म्हणजे बहुतेक टीम्स एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. त्यातल्या आठ-नऊ आपापल्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे ठरलेल्या गटातल्या, बाकी दोन-चार कुणीतरी, त्यातही एखादी दुबळी टीम पैसे देऊन बोलावून चोपायची. इंग्लंडच्या प्रीमियर लीगला प्लेऑफ लागत नाही कारण तिथे 20 टीम्स सगळ्या सगळ्यांशी दोनदा खेळतात, तक्ता खोटं बोलत नाही. इथे तक्ताच नाही. मग चॅम्पियन ठरवायचा कसा?

तर मतं घेऊन. हे ऐकून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. 1936 पासून एपी म्हणजे असोसिएटेड प्रेसचा पोल, पत्रकार मत देणार, 1950 पासून कोच लोकांचा वेगळा पोल, आणि ज्याला जास्त मतं तो नंबर एक. सीझन संपला की नववर्षाच्या आसपास बोल गेम्स, त्यात सगळ्यात जुना पासाडेनाचा रोझ बोल, पहिला 1902 साली झाला. पण हे बोल गेम म्हणजे मानाचे सामने, कोण कुठे खेळणार ते जुन्या करारांवर ठरलेलं, पहिला नंबर आणि दुसरा नंबर समोरासमोर आले तर तो योगायोग. आणि कितीतरी वर्षं शेवटचा पोल बोल गेमच्या आधीच घेऊन टाकायचे. म्हणजे पेपर लिहून व्हायच्या आधी निकाल.

आपल्याकडे पुरुषोत्तम करंडकात परीक्षक ठरवतात कुणाची एकांकिका भारी, ते ठीक आहे, नाटकाला स्कोअरबोर्ड नसतो, एकदा तर त्यांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. पण ज्या खेळाला स्कोअरबोर्ड आहे तिथे परीक्षक कशाला?

मग व्हायचं ते झालं. 1990 ला एका पोलने कोलोराडोला चॅम्पियन केलं, दुसऱ्याने जॉर्जिया टेकला. त्यात कोलोराडोची मिझुरीबरोबरची मॅच अशी की चार डावांत बॉल पुढे न्यायचा असतो तिथे पंचांच्या मोजण्यातल्या चुकीने पाचवा डाव मिळाला आणि त्या पाचव्या डावात जिंकले, म्हणजे ओव्हरमधला सातवा बॉल आणि त्यावर सिक्स. 1991 ला मायामी आणि वॉशिंग्टन. 1994 ला पेन स्टेट एकही मॅच न हरता दुसरी, कारण नेब्रास्काही हरली नव्हती आणि मतं तिला जास्त पडली. 1997 ला पुन्हा दोन चॅम्पियन, मिशिगन आणि नेब्रास्का. दरवेळी लोक म्हणायचे अरे मग खेळवा ना दोघांना! आणि दरवेळी उत्तर यायचं की नाही हो, पोरं विद्यार्थी आहेत, अभ्यास बुडेल. गंमत म्हणजे याच देशात कॉलेज फुटबॉलच्या खालच्या डिव्हिजन्सना 1970 च्या दशकापासून रीतसर प्लेऑफ आहेत, त्यांच्या पोरांचा अभ्यास बुडत नव्हता वाटतं. अभ्यास फक्त टीव्हीवर दिसणाऱ्यांचा बुडतो. खरं कारण काय होतं तर बोल गेमवाल्यांची दुकानं आणि मोठ्या कॉन्फरन्सेसचा हिस्सा, प्लेऑफ आला की वाटणी बदलणार ही भीती.

1998 मध्ये बीसीएस म्हणजे बोल चॅम्पियनशिप सिरीज नावाची तडजोड आली. पोल आणि कंप्युटर रँकिंग यांची खिचडी करून पहिले दोन नंबर काढायचे आणि त्यांची फायनल. ऐकायला छान. पण सहा कंप्युटर रँकिंगपैकी बहुतेकांचे फॉर्म्युले जाहीरच नव्हते. कॉली नावाच्या एकाचा उघड होता, म्हणून 2010 ला पकडलं गेलं की खालच्या डिव्हिजनची एक मॅच त्यात टाकायचीच राहिली होती, आणि ती टाकल्यावर अंतिम यादीतले 10 आणि 11 नंबर अदलाबदल झाले. जे उघडं होतं त्यात चूक सापडली, झाकलेल्यांचं देव जाणे.

2003 ला तर कहर. ओक्लाहोमा आपल्या कॉन्फरन्सची फायनल कॅन्सस स्टेटकडून 35-7 अशी सपाटून हरली, तरी कंप्युटरच्या कृपेने पहिल्या नंबरवर राहून फायनलला. यूएससी पत्रकार आणि कोच दोघांच्याही पोलमध्ये पहिली, ती बाहेर. ओक्लाहोमाला हरवून एलएसयू बीसीएसचा चॅम्पियन आणि यूएससी एपीचा. करारामुळे कोचनी बीसीएस विजेत्यालाच पहिलं मत द्यायचं होतं, तरी तिघांनी यूएससीला दिलं. पुढच्याच वर्षी ऑबर्न 13-0, म्हणजे 13 जिंकल्या आणि एकही हरली नाही, जिंकून जिंकून दमले पोरं, फायनलला दुसरेच दोघे. 2008 ला युटा 13-0, शुगर बोलमध्ये अलाबामाला 31-17 असं धुतलं, तरी चॅम्पियन कोण, तर एक मॅच हरलेलं फ्लोरिडा. बराक ओबामांनी त्या वर्षी अध्यक्षपदाच्या धामधुमीत टीव्हीवर सांगितलं होतं की आठ टीम्सचा प्लेऑफ हवा. आर्थिक मंदीच्या ऐन मध्यावर, म्हणजे बघा लोकांच्या किती डोक्यात गेलं होतं ते.

शेवटी सिस्टीम मेली ती 2011 ला. 5 नोव्हेंबरला एलएसयूने अलाबामाला त्यांच्याच घरी ओव्हरटाइममध्ये 9-6 हरवलं. मग जानेवारीत फायनल कुणाची, तर पुन्हा एलएसयू आणि अलाबामा! अलाबामा 21-0 जिंकली. दोघांचा एक-एक विजय, पण दुसरा मोजला, पहिला नाही. ओक्लाहोमा स्टेट आपली कॉन्फरन्स जिंकून बाहेर बसली आणि अलाबामाने तर आपली कॉन्फरन्सही जिंकली नव्हती. पुढच्याच वर्षी चार टीम्सच्या प्लेऑफचा निर्णय झाला.

आता इथे माझा मूळ मुद्दा. बहुतेक वाद असा चालतो की खरी बेस्ट टीम कशाने सापडते, पोलने का प्लेऑफने. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. बेस्ट टीम प्लेऑफने सापडत नाही. 2023 च्या वर्ल्ड कपमध्ये आपण सलग 10 मॅचेस जिंकलो, सगळ्यांना लोळवलं, आणि 19 नोव्हेंबरला अहमदाबादला ऑस्ट्रेलियाने एका रात्रीत कप नेला. बेस्ट कोण होतं? मला आजही विचाराल तर मी भारतच म्हणणार, रडून म्हणणार. पण चॅम्पियन कोण यावर माझं काही म्हणणं नाही, कारण फायनल आहे आणि ती जिंकायची आहे हे पहिल्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं. चॅम्पियन आणि बेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट 2017 ला सेंट्रल फ्लोरिडाने काय केलं, 13-0, पीच बोलमध्ये ऑबर्नला 34-27 हरवलं, त्याच ऑबर्नने त्याच सीझनमध्ये अलाबामा आणि जॉर्जिया दोघांनाही एकेकदा हरवलेलं, आणि फायनल खेळले कोण तर अलाबामा आणि जॉर्जिया. मग सेंट्रल फ्लोरिडाने स्वतःच जाहीर केलं की आम्हीच चॅम्पियन, डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली, कोचना बोनस वाटले. लोक हसले, मी नाही हसलो. त्यांना हरवलं कुणी होतं?

म्हणून मला दोनच अन्याय दिसतात. एक, जिंकूनही बाहेर. दुसरा, हरूनही आत. पहिला म्हणजे सरळ सरळ पाप, कारण खेळाडूच्या हातात जिंकण्यापलीकडे काही नसतं, ते त्याने केलं आणि तरी तुम्ही म्हणता नाही. दुसरा म्हणजे किंमत. प्लेऑफ ठेवला तर हरलेल्या काही टीम्स आत येणारच, ती किंमत मी मोजायला तयार आहे, पण किती मोजायची याला मर्यादा हवी. (2024 ला माझ्याच टीमने ती किंमत वसूल केली त्यामुळे माझं बोलणं जरा चोराच्या उलट्या बोंबांसारखं वाटेल, वाटू दे.)

आणि राग आहे तो असा की चार टीम्सचा प्लेऑफ आला तरी पाप धुतलं गेलं नाही, कारण आत कुणाला घ्यायचं ते 13 जणांची कमिटी बंद खोलीत ठरवणार. पोल गेला, कमिटी आली, बाटली नवी आणि दारू तीच. पहिल्याच वर्षी, 2014 ला, टीसीयू तिसऱ्या नंबरवर होती, शेवटची मॅच 55-3 जिंकली आणि जिंकून थेट सहाव्या नंबरवर घसरली. आणि 2023 चं फ्लोरिडा स्टेट प्रकरण तर मला अजून पचत नाही. 13-0, कॉन्फरन्स चॅम्पियन, आणि बाहेर. का, तर क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय नोव्हेंबरमध्ये मोडला होता, आणि कमिटीचं म्हणणं पडलं की त्याच्याशिवाय ही टीम तीच राहिली नाही. अरे पण त्याच्याशिवाय ते फ्लोरिडाला हरवून आले, कॉन्फरन्स फायनल जिंकून आले! पुढे तुम्ही काय होणार याचा अंदाज बांधून त्यांना घरी बसवलंत, म्हणजे खेळायच्या आधी निकाल, पुन्हा तेच.

आणि हे कोलंबसमध्ये राहणाऱ्याला तर अजिबात सांगू नये. 2014 ला ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक सीझनच्या आधीच जायबंदी, दुसऱ्याचा घोटा मिशिगनच्या मॅचमध्ये मोडला, तिसरा कार्डेल जोन्स उभा केला, त्याने विस्कॉन्सिनला 59-0, अलाबामाला 42-35 आणि ओरेगनला 42-20 हरवून ट्रॉफी आणली. चौथ्या नंबरने जेमतेम आत घेतलेली टीम, तिसरा क्वार्टरबॅक, चॅम्पियन. त्या दिवशी कमिटीने 'ही तीच टीम नाही' म्हटलं असतं तर?

लोक लगेच दाखवतात की बघा, नंतर ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला 63-3 मारलं, कमिटी बरोबरच होती. नाही हो. ज्यांचं स्वप्न चोरलं गेलं त्यातले कितीतरी पोरं त्या मॅचला उभेच राहिले नाहीत, कुणी प्रो फुटबॉलची तयारी करायला गेलं, कुणी दुसऱ्या कॉलेजात. ती मॅच म्हणजे पुरावा नव्हे, परिणाम.

2024 पासून 12 टीम्स आहेत. 2024 आणि 2025 ला वरच्या पाच कॉन्फरन्स चॅम्पियनना आपोआप जागा होती, बाकी सात कमिटीच्या. पहिल्या फेरीच्या मॅचेस कॉलेजच्या स्वतःच्या मैदानावर, आणि हे मात्र झकास केलंय. 21 डिसेंबरच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत टेनेसीचे केशरी कपड्यांतले हजारो लोक कोलंबसमध्ये आले होते, असं स्टेडियम मी आधी बघितलं नव्हतं, आणि टेनेसी 42-17 हरून गेली. बोल गेम्सच्या तटस्थ मैदानात हे येत नाही. तसंही बाकी बोल गेम्सचं आता सर्कस झालंय, एका बोलमध्ये जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर मेयोनीज ओततात, खरंच, बादलीभर. ते राहू द्या की, मजा आहे, पण त्यावर चॅम्पियन ठरवू नका.

आता आक्षेप येतो की छोट्या टीम्स येतात आणि मार खातात. 2025 ला टुलेन आणि जेम्स मॅडिसन आत आल्या, टुलेनला ओल मिसने 41-10 आणि जेम्स मॅडिसनला ओरेगनने 51-34 हरवलं, आणि तिकडे 10-2 नोटर डेम बाहेर, ती इतकी रुसली की बोल गेमलाच नाही म्हणाली. टीव्हीवर दोन आठवडे हेच, की या चिल्लर टीम्सनी मोठ्यांची जागा खाल्ली. बरं, मग त्याच प्लेऑफमध्ये इंडियानाने अलाबामाला 38-3 केलं, त्याचं काय? अलाबामाची जागाही काढून घ्यायची? मार खाणं ही काही गरिबांची मक्तेदारी नाही. आणि नोटर डेमबद्दल बोलायचं तर सीझनची पहिलीच मॅच मायामीकडून 27-24 हरले होते, आणि मायामी आत गेली. यात रुसण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

त्याच 2025 ला इंडियाना 16-0 जिंकून चॅम्पियन झाली, फायनलला मायामीला 27-21. पिढ्यानपिढ्या मार खाण्यासाठी प्रसिद्ध असलेलं कॉलेज ते! प्लेऑफवाले म्हणाले बघा आमची सिस्टीम. पण असं आहे की जो सगळ्यांना हरवतो त्याला पोलनेही पहिला केला असता आणि कमिटीनेही. सिस्टीमची परीक्षा इंडियानाच्या वर्षी होत नसते, 2003 ला होते, 2023 ला होते, जेव्हा दोन-तीन जण सारखेच उभे असतात आणि कुणीतरी एकाला दार लावायचं असतं.

मग मला हवंय काय? आठ टीम्स. जो कॉन्फरन्स जिंकला आणि एकही मॅच हरला नाही तो आत, विषय संपला, कमिटीला त्यावर बोलायचा अधिकारच नको, कॉन्फरन्स कितीही छोटी असो. नंतर बाकीचे मोठ्या कॉन्फरन्सेसचे चॅम्पियन. उरलेल्या दोन-तीन जागांसाठी कमिटीने हवी तेवढी कॉफी प्यावी. असं केलं असतं तर ऑबर्न, युटा, सेंट्रल फ्लोरिडा, फ्लोरिडा स्टेट चौघंही आत असते, आणि दोनदा-तीनदा हरलेल्यांची रांग दाराबाहेर राहिली असती. हो, 2024 ची ओहायो स्टेट बहुतेक कमिटीच्या दयेवर असती. असू दे.

पण वारं उलटं वाहतंय. 16, 24 असे आकडे चर्चेत आहेत. कारण उघड आहे, प्रत्येक जादा मॅच म्हणजे टीव्हीचे जादा पैसे, आणि मोठ्या कॉन्फरन्सेसना आपल्या चौथ्या-पाचव्या नंबरच्या टीमलाही आत ढकलायचंय. 24 टीम्समध्ये चारदा हरलेली टीमही येईल, मग नोव्हेंबरच्या त्या शनिवारला खरंच काय अर्थ उरेल, मग जुने लोक बरोबर ठरतील. शिवाय पोरांच्या शरीराचा विचार कुणी करतंय का? इंडियाना 16 मॅचेस खेळली, ओहायो स्टेट आदल्या वर्षी 16, आणि हा धडका मारायचा खेळ आहे, 20 वर्षांच्या गुडघ्यांनी. 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, त्यामुळे 'बिचारे विद्यार्थी' हे रडगाणं संपलं, पण पैसे मिळाले म्हणून लिगामेंट नवा येत नाही.

माझे शेजारी एक काका आहेत, काका मी म्हणतो, ते मला नावाने हाक मारतात, सत्तरी ओलांडलेले, ओहायो स्टेटचे जन्मजात भक्त. 2025 ला उलटं झालं, मिशिगनला त्यांच्या घरी जाऊन 27-9 हरवलं, मग कॉन्फरन्स फायनल इंडियानाकडून 13-10 गेली आणि प्लेऑफमध्ये मायामीने 24-14 घरी पाठवलं. जानेवारीत ते ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते तेव्हा मी विचारलं, काका, कुठलं वर्ष चांगलं, मागचं का हे? मागच्या वर्षी ट्रॉफी, या वर्षी मिशिगन. ते फावड्यावर हात टेकून उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारणार तेवढ्यात म्हणाले, तुला दुसरं काही काम नाही का, तिकडचा कोपरा घे.